हसू का आलं नाही? 'द लव्ह गुरू' या फसलेल्या विनोदाविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, की जगात इतके चांगले विनोदी सिनेमे असताना एका पडेल सिनेमावर तासभर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की चांगला विनोद आपल्याला हसवतो, आणि हसण्याच्या नादात तो घडला कसा हे बघायचं राहूनच जातं. घड्याळ नीट चालू असेल तर आपण वेळ बघतो आणि पुढं जातो. ते बंद पडलं, की मगच त्याचं मागचं झाकण उघडतो. आज आपण एका बंद पडलेल्या घड्याळाचं झाकण उघडणार आहोत.

सिनेमाचं नाव 'द लव्ह गुरू'. २० जून २००८ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. मुख्य भूमिका माईक मायर्सची, आणि पटकथेतही त्याचा वाटा. मी हा सिनेमा मित्रांबरोबर बघितला. घरात टीव्हीवर, चिवडा-बिवडा घेऊन. 'अरे, हा ऑस्टिन पॉवर्सवाला आहे, हसून हसून पोट दुखेल,' असं सांगून मीच सगळ्यांना बसवलं होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत दोन-तीनदा हसलो. मग शांतता. अर्ध्या तासानं एक जण चहा टाकायला उठला आणि 'थांबवू का?' असं विचारल्यावर स्वयंपाकघरातून म्हणाला, 'नको, चालू दे.' विनोदी सिनेमाला याच्याइतका वाईट शेरा दुसरा नाही.

माझी जी निराशा झाली, तिचं कारण तेव्हा मी चुकीचं सांगितलं होतं. मी म्हणालो, 'फार वाह्यात आहे रे.' नंतर लक्षात आलं, की ज्या सिनेमांवर मी पोट धरून हसलोय तेही काही कमी वाह्यात नव्हते. मग गडबड कुठं झाली? आजचं बोलणं त्या शोधाबद्दल आहे.

अपेक्षा का होती?

माईक मायर्स हा कॅनडातला, टोरंटोजवळच्या स्कारबरोमध्ये वाढलेला. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमातून तो पुढं आला. १९९२ साली 'वेन्स वर्ल्ड' गाजला, १९९७ साली 'ऑस्टिन पॉवर्स'चा पहिला भाग आला, आणि २००१ पासून 'श्रेक'चा आवाजही त्याचाच.

'ऑस्टिन पॉवर्स' ही जेम्स बाँडची टिंगल. १९६७ साली बर्फात गोठवलेला एक गुप्तहेर तीस वर्षांनी जागा होतो आणि त्याला वाटतं, जग अजून तसंच आहे. तो झालरीचा शर्ट घालतो, दात वाईट, आणि दिसेल त्या बाईच्या मागं लागतो. सिनेमा चावट आहे यात शंकाच नाही. एका प्रसंगात तो उघडानागडा खोलीभर फिरतो आणि दर वेळी नेमक्या जागी काहीतरी आडवं येतं, कधी सॉसेज, कधी आणखी काही. शाळकरी पोरांचा विनोद आहे हा. तरी आपण हसतो. का? कारण त्या माणसाला यात काही वावगं आहे याची कल्पनाच नाही. तो मजेत नाश्त्याचं बघतोय. कॅमेऱ्याची धावपळ चालली आहे ती आपल्याला दिसते, त्याला नाही.

त्याच सिनेमातला खलनायक, डॉ. ईव्हिल, हीसुद्धा मायर्सचीच भूमिका. तोही तीस वर्षं गोठलेला. जगाला वेठीला धरून तो खंडणी मागतो, किती? तर दहा लाख डॉलर! त्याचे साथीदार एकमेकांकडं बघतात. आता ही रक्कम म्हणजे किरकोळ, हे त्याला सांगायचं कोणी? हा माणूस जगाचा नाश करायला निघालाय आणि महागाईनं त्याचं हसं केलंय. इथं कमरेखालचं काहीच नाही, पण दोन्ही विनोदांची जात एकच आहे. दोघांनाही वाटतं, की आपण मोठ्या रुबाबात आहोत. तो रुबाब जितका खरा, तितकी फजिती मोठी.

शरीराचा विनोद चालतो कसा?

हे जरा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

शी, शू, ढेकर, घसरून पडणं, नको तिथं नको ते होणं हे सगळे विनोद माणसाइतकेच जुने. आपल्या तमाशातला सोंगाड्या हे करतो, सर्कशीतला विदूषकही करतो. या विनोदाला दोन गोष्टी लागतात. एक शरीर, जे ऐकत नाही. आणि दुसरा एक माणूस, ज्याला त्या क्षणी काहीतरी जपायचं आहे: अब्रू, शिष्टाचार, प्रेम, नोकरी, काहीही. शरीर आणि इभ्रत यांची ओढाताण झाली की हसू फुटतं. नुसतं शरीर दाखवलं तर फार तर किळस येते.

याचं एक उत्तम उदाहरण १९६८ सालच्या 'द पार्टी' या सिनेमात आहे. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्स आणि नायक पीटर सेलर्स. सेलर्स त्यात ह्रुंदी व्ही. बक्षी नावाचा भारतीय नट झालाय. गोऱ्या नटानं चेहऱ्याला तपकिरी रंग लावून, बोलण्याची ढब काढून केलेली भूमिका आहे ही, आणि आज ती अनेकांना खटकते. खटकणं बरोबरच आहे. तरी त्यातला एक प्रसंग बघा.

बक्षीला हॉलिवूडच्या एका बड्या निर्मात्याच्या घरी चुकून पार्टीचं आमंत्रण गेलंय. तिथं त्याला जोराची लघवी लागते. आणि नेमकी तेव्हाच एक तरुणी गिटार घेऊन गाणं म्हणायला बसते. गाणं चालू असताना निघून जाणं म्हणजे तिचा अपमान. म्हणून हा बिचारा उभा राहतो. पाय आवळतो, चेहऱ्यावर हसू ठेवतो, गाण्याला दाद देतो. गाणं काही संपत नाही. आपण हसतो, पण हसता हसता त्या माणसाबद्दल आपल्याला माया वाटायला लागते. सगळ्या पार्टीत खरा सभ्य माणूस तोच आहे. बाकीचे त्याला ओळखतसुद्धा नाहीत. लघवीचा विनोद आहे, पण तो सभ्यतेबद्दलचा विनोद आहे.

सेलर्सचा तो इन्स्पेक्टर क्लूझो आठवा. तोंडावर आपटला तरी उठून असा चालतो, की जणू पडायचंच होतं. तो जर उठून आपल्याकडं बघून डोळा मारू लागला, तर खेळ खलास.

सेलर्सबद्दल इतकं बोलायचं कारण आहे. माईक मायर्सचे वडील लिव्हरपूलचे. पीटर सेलर्स, बाँडपट, इंग्लिश विनोद हे सगळं पोराला त्यांनी दाखवलं. 'ऑस्टिन पॉवर्स' म्हणजे वडिलांना केलेला नमस्कार आहे, असं मायर्सनं सांगितलेलं आहे. हा धागा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता 'द लव्ह गुरू'

गोष्ट थोडक्यात अशी. पिटका नावाचा एक अमेरिकन मुलगा लहानपणी अनाथ होतो आणि भारतातल्या एका आश्रमात वाढतो. मोठा झाल्यावर अमेरिकेत तो प्रेमाचे सल्ले देणारा गुरू बनतो. पुस्तकं, प्रवचनं, आलिशान आश्रम सगळं आहे, पण एक सल आहे. जगात नंबर एक दीपक चोप्रा, हा कायम दुसरा. ओप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात एकदा झळकलो की झालं, अशी त्याची आस.

तेवढ्यात टोरंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाची मालकीण त्याच्याकडं येते. ही जेसिका अल्बा. संघाचा हुकमी खेळाडू डॅरेन याची बायको त्याला सोडून विरोधी संघाच्या गोलकीपरबरोबर राहायला गेलीय. त्यामुळं डॅरेनचा खेळ बिघडलाय. गुरूनं दोघांचं जुळवून द्यावं, म्हणजे संघ स्टॅन्ली कप जिंकेल. तो गोलकीपर आहे जस्टिन टिंबरलेक.

ऐकायला वाईट वाटतं का? मला तर नाही वाटत. यात तीन चांगल्या गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली, गुरूंचा बाजार. बीटल्स १९६८ साली महर्षी महेश योगींकडं हृषीकेशला गेले. १९७४ पासून पुण्यात कोरेगाव पार्कला रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि जगभरची गोरी मंडळी भगव्या कपड्यांत रस्त्यानं फिरताना पुणेकरांनी बघितली. पाश्चात्त्य माणसाची शांतीची भूक आणि तिच्यावर उभा राहिलेला धंदा हा विनोदासाठी केवढा मोठा विषय आहे! बुवाबाजीची खिल्ली आपल्याला नवी नाही. आचार्य अत्र्यांनी 'बुवा तेथे बाया' लिहून आपल्या बुवांची हजेरी कधीच घेतली आहे. सिनेमाच्या सुरुवातीला हे सापडतंही. पिटकाच्या उपदेशात इंग्रजी आद्याक्षरांचे तोडगे असतात, आणि प्रत्येक बोधवाक्याला व्यापारचिन्ह चिकटवलेलं. मोक्षावरही कॉपीराइट! आम्ही हसलो ते इथंच.

दुसरी गोष्ट, पिटकाचं ब्रह्मचर्य. त्याच्या गुरूनं त्याला लोखंडी लंगोटाला कुलूप घालून दिलंय. जोवर स्वतःवर प्रेम करायला शिकत नाहीस तोवर हे काढायचं नाही. म्हणजे जगाला प्रेम शिकवणाऱ्या माणसानं स्वतः कुणावर प्रेमच केलेलं नाही. काय सुंदर कल्पना आहे!

तिसरी, टोरंटो. मेपल लीफ्सनं १९६७ नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही. मायर्स लहानपणापासून या संघाचा चाहता. गावाचं इतक्या वर्षांचं दुखणं त्याला पडद्यावर बरं करायचं होतं.

मग बिघडलं कुठं?

ब्रह्मचर्याचंच बघू. तो लंगोट सिनेमात करतो काय, तर पिटकाच्या मनात काही आलं की ठण्ण आवाज होतो. एकदा झाला, हसलो. पुढच्या वेळी आवाज तोच आणि प्रसंगही तसाच.

आता याच्याशेजारी २००५ सालचा 'द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन' ठेवा. दिग्दर्शक जड ॲपटो, नायक स्टीव्ह करेल. विषय तोच: चाळिशीतला पुरुष, स्त्रीसंगाचा अनुभव नाही. भाषा तर 'लव्ह गुरू'पेक्षा कितीतरी शिवराळ. पत्त्याच्या डावात सगळे सहकारी आपापल्या फुशारक्या मारत असतात. याची पाळी येते तेव्हा हा काहीतरी ठोकून देतो, की बाईची छाती वाळूच्या पिशवीसारखी लागते. डाव थांबतो. सगळ्यांना कळतं. आपण खो खो हसतो आणि त्याच क्षणी मनात म्हणतो, अरेरे! कारण त्याला ते लपवायचं होतं, आणि लपवण्याच्या धडपडीतच ते उघडं पडलं. पिटकाला काहीच लपवायचं नाही. त्यामुळं उघडं पडायलाही काही नाही.

उलट पिटका दर विनोदानंतर स्वतःच हसतो. तोंडभर हसून समोर बघतो, म्हणजे आपल्याकडं. 'कसा टाकला?' अशा नजरेनं. क्लूझो हे कधीच करत नाही, ऑस्टिन पॉवर्सच्या चावटपणातही स्वतःविषयीचा भाबडा विश्वास आहे.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर दादा कोंडक्यांचं द्यावं लागेल. १९७१ चा 'सोंगाड्या' घ्या. दादांच्या द्वयर्थी संवादांवर सभ्य घरांत नाकं मुरडली गेली, सेन्सॉरशी त्यांचे खटके उडाले. पण त्यांची खुबी काय होती? तो आयेच्या धाकातला भोळा नाम्या बोलतो ते सरळच बोलतो. दुसरा अर्थ त्याच्या गावीही नसतो. तो अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यात निघतो, आणि प्रेक्षक स्वतःशीच ओशाळून हसतो. चोर पकडला जातो तो प्रेक्षकांतला. पिटका मात्र दोन्ही अर्थ स्वतःच सांगून मोकळा होतो. मग आपल्याला काम काय उरलं?

बाकीच्यांचंही तेच. संघाचा प्रशिक्षक आहे व्हर्न ट्रॉयर, अगदी ठेंगणा नट. 'ऑस्टिन पॉवर्स'मध्ये त्यानं डॉ. ईव्हिलची छोटी प्रतिकृती केली होती आणि तिथं त्या पात्राचा एक दरारा होता, तो मारायला धावायचा. इथं त्याच्या उंचीवर एकामागून एक शेरे येतात आणि तो ते ऐकून घेतो. ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यावर टाकलेला विनोद पहिल्यांदा हसू आणतो, मग खाली बघायला लावतो.

आणि शेवट. अंतिम सामन्यात डॅरेन गांगरलाय, काहीतरी करून त्याचं लक्ष वळवायचंय. म्हणून पिटका दोन हत्तींचा समागम बर्फाच्या मैदानावर, सगळ्यांसमोर घडवून आणतो. डॅरेन भानावर येतो आणि गोल मारतो. एवढा मोठा प्राणी, एवढं मोठं मैदान, आणि विनोद एवढासा. माणसाच्या अडचणीतून काही सुचलं नाही की हत्ती आणावे लागतात.

भारत नावाचा आवाज

आता जरा आपल्या जवळचं.

पिटकाच्या गुरूची भूमिका केलीय बेन किंग्जलीनं. ज्यानं १९८२ साली रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी'त महात्मा गांधी साकारले, तो हाच. त्याचे वडील गुजराती वंशाचे, जन्मनाव कृष्णा भानजी. तोच माणूस इथं तिरळे डोळे करून बसलाय. त्याच्या पात्राचं नाव भारतीय वाटेल असं जुळवलेलं, पण इंग्रजीत फोडून वाचलं तर हस्तमैथुनावरचा शाब्दिक विनोद. आणि त्याची विद्या कोणती? लघवीत बुडवलेल्या मॉपनं लढायचं.

'द पार्टी'तली लघवी आणि ही लघवी! तिथं एक माणूस दुसऱ्याचा मान राखायला कळ सोसत होता. इथं बादली आहे, मॉप आहे, आणि ज्यांच्या अंगावर ते उडतंय त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

पिटका लोकांना नमस्काराऐवजी एक शब्द म्हणतो, 'मारिस्का हार्गिते'. हे अमेरिकन टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध अभिनेत्रीचं नाव. कानाला परकं लागतं, म्हणून मंत्रासारखं वापरायचं. पुढं ती अभिनेत्री स्वतः येते आणि हा तिलाच तिच्या नावानं अभिवादन करतो. हा विनोद पहिल्यांदा खरंच बरा आहे. अमेरिकन माणसाला आपलीच नावं परकी लागतात, हे त्यात आहे. पण मग तो इतक्यांदा येतो, की त्यातून एकच गोष्ट कळत राहते: परका आवाज म्हणजे गंमत. पिटकाच्या मदतनिसाचं नाव रजनीश. मनू नारायण या भारतीय वंशाच्या नटानं ते काम केलंय. हे नाव ऐकून पुणेकर कान टवकारतो, की आता रजनीशांवर काहीतरी येणार. काही येत नाही. नाव घेतलं ते फक्त आवाजासाठी.

अमेरिकेतल्या काही हिंदू कार्यकर्त्यांनी प्रदर्शनाआधीच आक्षेप घेतले होते, धर्माची टिंगल होतेय म्हणून. माझी तक्रार वेगळी आहे. टिंगल झाली असती तर मला आवडलं असतं. टिंगल करायला आधी जवळून बघावं लागतं. अत्र्यांना बुवा माहीत होते, त्यांचं बोलणं, बसणं, भक्तांकडं बघणं सगळं माहीत होतं. इथं कोणी बघितलेलंच नाही.

पैसा आणि प्रमाणपत्र

थोडा इतिहास सांगतो, म्हणजे सगळा दोष एकट्या मायर्सवर जाणार नाही.

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून एक कडक आचारसंहिता लागू होती. १९५९ साली बिली वायल्डरचा 'सम लाइक इट हॉट' त्या संहितेचा शिक्का न घेताच प्रदर्शित झाला आणि तुफान चालला. १९६८ साली संहिता जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार प्रमाणपत्रं आली. १९८४ साली त्यात 'पीजी-थर्टीन' हा मधला दर्जा आला: मुलांना येऊ द्या, पण पालकांनो, जपून. धंद्याच्या दृष्टीनं हा दर्जा सोयीचा, कारण शाळकरी पोरांचं तिकीट मिळतं. पण यात फार काही स्पष्ट बोलता किंवा दाखवता येत नाही, त्यामुळं सगळं सूचनेवर आणि नावांच्या कोट्यांवर येतं. 'द लव्ह गुरू'ला हाच दर्जा होता.

'ऑस्टिन पॉवर्स'लाही हाच होता, त्यामुळं नुसतं प्रमाणपत्राकडं बोट दाखवून भागणार नाही. मधल्या काळात बदललं ते वातावरण. ॲपटोच्या पिढीनं प्रौढांसाठीचा दर्जा घेऊन सगळं स्पष्ट बोलायला सुरुवात केली होती, पण पात्रं ओळखीची, शेजारच्या घरातली ठेवली होती. लोकांना त्याची चव लागली होती. त्यांच्यासमोर नुसत्या सूचना शिळ्या वाटल्या. त्याच दिवशी स्टीव्ह करेलचा 'गेट स्मार्ट' प्रदर्शित झाला, तोही गुप्तहेरांचा विनोदी सिनेमा, आणि गर्दी तिकडं गेली. 'लव्ह गुरू'चा खर्च सुमारे ६.२ कोटी डॉलर होता, जगभरातून मिळाले सुमारे ४ कोटी. वर्षातल्या वाईट सिनेमांना देतात त्या रॅझी पुरस्कारांत त्याला सर्वांत वाईट चित्रपट, नट आणि पटकथा असे तीन मिळाले. प्रत्यक्ष पडद्यावर मुख्य भूमिका असलेला विनोदी सिनेमा मायर्सनं त्यानंतर पुन्हा केला नाही.

माझी खरी निराशा

आता तो वडिलांचा धागा.

मायर्सचे वडील १९९१ साली गेले. त्या दुःखात त्याला आधार हवा होता. तो अध्यात्माकडं वळला, दीपक चोप्रांची पुस्तकं वाचली, पुढं त्यांच्याशी मैत्री झाली. चोप्रा या सिनेमात स्वतः दिसतात. पिटका हे पात्र यातून आलं. सिनेमा बनण्याआधी मायर्स न्यूयॉर्कच्या छोट्या रंगमंचांवर जाऊन हा गुरू करून बघायचा.

हे मला नंतर कळलं आणि सिनेमाबद्दलचा राग गेला. वाईट मात्र जास्त वाटलं.

बाप गेलेला एक विदूषक. लोकांना हसवणं हा त्याचा धंदा, आणि रात्री तो शांत झोप लागावी म्हणून गुरूंची पुस्तकं वाचतोय. त्याला यातला खोटेपणाही दिसतोय आणि आपल्याला याची गरज आहे हेही कळतंय. याच्याइतका चांगला विनोदी नायक मला सांगा! जपण्यासारखं त्याच्याकडं केवढं तरी आहे. त्याला लाज वाटते, भीती वाटते, आशा वाटते. पिटकाला बाप नाही, आई नाही, परक्या देशात वाढलेला अनाथ पोर आहे तो, म्हणजे गोष्टीत जागासुद्धा करून ठेवली होती. आणि त्या जागेत काय ठेवलं? लंगोटाचा आवाज आणि मॉप.

आपणही हे करतो. घरात कोणी गेलं की तेराव्यानंतर मित्र भेटतात आणि आपण काहीतरी पाचकळ जोक मारतो, म्हणजे कोणी विषय काढू नये. समोरचा हसतो, कारण त्यालाही विषय नको असतो. त्यात वाईट काही नाही, त्या वेळी तेवढंच जमतं. पण असा जोक कोणाला हसवण्यासाठी नसतो, दार लावून घेण्यासाठी असतो. मला वाटतं 'द लव्ह गुरू' म्हणजे दीड तास लावून घेतलेलं दार आहे. आम्ही बाहेर बसलो होतो, चिवडा घेऊन, आणि आम्हाला वाटत होतं, की हा माणूस आज वाह्यातपणा फार करतोय.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, हे जरा जास्तच नाही का होत? सिनेमा वाईट होता, एवढंच. त्यात वडिलांचं दुःख वगैरे शोधायला हवं का?

उत्तर : तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, आणि दुःख खरं होतं म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. पडद्यावर जे आहे तेच मोजायचं. पडद्यावर मला एक रिकामी जागा दिसली, गुरूच्या मुखवट्यामागं माणूसच नव्हता. त्या जागी काय असू शकलं असतं याचा मी अंदाज बांधला. तो सोडून दिलात तरी रिकामी जागा उरतेच.

प्रश्न : मग चावट विनोदाला तुमची काही मर्यादाच नाही का? घरात मुलं असतात.

उत्तर : मुलांसमोर काय लावायचं हे घराघराचं वेगळं, त्यात मी पडत नाही. मी माझ्यापुरतं एक बघतो. २०११ च्या 'ब्राइड्समेड्स' सिनेमात लग्नाच्या कपड्यांच्या महागड्या दुकानात सगळ्या मैत्रिणींचं पोट बिघडतं. सांगायलासुद्धा संकोच वाटावा असा प्रसंग आहे. ज्या स्वस्त हॉटेलात त्या जेवल्या ते नायिकेनं निवडलेलं असतं, आणि श्रीमंत प्रतिस्पर्धी मैत्रीण समोर ठणठणीत उभी असते. नायिका घामानं डबडबलीय तरी म्हणते, मला काही झालेलं नाही. ती मैत्रीण शांतपणे तिच्यापुढं साखर लावलेला एक बदाम धरते, आणि ही तो खाऊन दाखवते. खालची मान वर करायची नाही, म्हणून! बालपणीची मैत्रीण आपल्या हातून चाललीय, हे त्या एका बदामात आहे. त्या प्रसंगात घाण भरपूर आहे, पण मला आठवतो तो बदाम. सिनेमा संपल्यावर माणूस आठवत असेल तर माझी हरकत नाही. 'लव्ह गुरू' संपल्यावर मला फक्त मॉप आठवत होता.

वेळ झाली. इतका वेळ एका पडेल सिनेमासाठी बसलात, आभारी आहे. घरी जाऊन बघायचाच असेल तर आधी 'द पार्टी' बघा, त्या गाण्याच्या प्रसंगापर्यंत तरी. मग 'लव्ह गुरू' लावा आणि चहा टाकायला कितव्या मिनिटाला उठता ते मला कळवा.